छोटा राउंड, मोठा राउंड: मोहर्ली आणि आलापल्लीचे तीन दिवस

चंद्रपुरात आमच्या घराजवळच्या बागेत फिरायचे दोन रस्ते आहेत. एक फाटकापासून निघतो, कारंज्याला वळसा घालतो आणि लगेच परत फाटकाशी येतो. दुसरा मागच्या तळ्याकडे जातो, बांबूच्या बेटाआड दिसेनासा होतो आणि बऱ्याच वेळाने पलीकडून उगवतो. पहिल्याला सगळे छोटा राउंड म्हणतात, दुसऱ्याला मोठा. दिलीपराव, म्हणजे माझा नवरा, गेल्या पावसाळ्यापासून फक्त छोटा राउंड मारतात. (घरात मी नुसतं "अहो" म्हणते. इथे लिहायचं म्हणून नाव घेतेय.)

कारणही सांगून टाकते. पावसाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. सौम्य होता, असं सगळे म्हणतात, म्हणजे ज्यांना आला नाही ते सगळे. एक स्टेंट बसला, पथ्य आलं, गोळ्यांचा डबा आला. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात अख्खी नोकरी शिफ्टमध्ये काढलेला हा माणूस. रात्रपाळी संपवून आला तरी आंघोळ करून पुन्हा मित्रांबरोबर मासे धरायला जाणारा. तो आता खुर्चीतून उठायच्या आधी विचार करू लागला. बागेच्या फाटकाशी ऑटो उभे असतात, म्हणून छोटा राउंड. शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी, हातात मोबाईल, आणि कुठेही गेलं की पहिला प्रश्न, "इथून दवाखाना किती दूर आहे?" नात्यातल्या लग्नालाही ते मंगल कार्यालयाच्या आत बसत नाहीत, गाडी लावतात त्या बाजूला खुर्ची ओढून बसतात.

मार्चमध्ये तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, आता काही नाही, नेहमीसारखे राहा, हिंडा-फिरा. मी तिथेच मनात बॅग भरली. घरी येताना दिलीपराव म्हणाले, "डॉक्टरनं हिंडा म्हटलं. गावाबाहेर जा, असं नाई म्हटलं."

मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांची पाकिटं कुठल्या कुठल्या गावाला जाताना बघते आणि आपण मात्र बाग ते घर, घर ते बाग. माणसाला लांबची काशी-काश्मीर नको असते हो, पण दोन दिवस वेगळ्या गावची सकाळ बघितली की डोक्यातली जळमटं निघतात, एवढा माझा अनुभव आहे. म्हणून न विचारता बेत ठरवला. शुक्रवारी मोहर्लीला मुक्काम, शनिवारी सकाळी सफारी, तिथून आलापल्ली, रविवारी परत. मोहर्लीला ते हो म्हणाले, कारण मोहर्ली घरापासून तासाभरावर. आलापल्लीबद्दल मी "बघू" एवढंच म्हटलं होतं.

शुक्रवार: मोहर्ली

दुपारचं ऊन उतरल्यावर निघालो. गाडी मी चालवते. ते दवाखान्यात होते तेव्हा ऑटोवाल्यांच्या मागे धावून धावून मी वैतागले होते, म्हणून सरळ ड्रायव्हिंगचा क्लास लावला. आता स्टिअरिंग माझ्या हातात असतं आणि ब्रेक ते शेजारच्या सीटवरून मारतात, रिकाम्या जागेवर पाय दाबून. दुर्गापूरच्या कोळशाच्या खाणी मागे पडल्या, रस्त्यावरची काळी धूळ संपली, की दोन्ही बाजूंना जंगल सुरू होतं. रस्ता चांगला आहे, पण वेग आवरा. चितळं आडवी येतात. पळस फुलून ओसरायला लागला होता, तरी एखादं झाड अजून भरलेलं होतं.

मोहर्लीत राहायला सगळ्या खिशांना परवडेल अशी सोय आहे. मोठे रिसॉर्ट आहेत, तशा गावातल्या घरांमधल्या खोल्याही आहेत. आम्ही अशाच एका घरात उतरलो. हजाराच्या आत खोली, जेवणाचे वेगळे. रात्री भात, तुरीचं वरण, लसणाची चटणी आणि वांग्याची भाजी होती. तेल जरा कमी घाला, एवढं मी सांगितलं. दिलीपरावांनी पानावर बसायच्या आधीच घरमालकिणीला विचारून घेतलं होतं, गावात डॉक्टर आहे का, रात्री गाडी मिळते का. त्या बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काऊन जी, बाईले काई तरास आहे का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा वांग्याकडे बघत होता. "थोडा बीपीचा," ते म्हणाले.

मला बीपी नाही. मला हे लिहितानाही बीपी नाही. पण त्या रात्री माझ्या पानात मीठ कमी पडलं आणि झोपताना उशाशी लिंबूपाणी आलं.

शनिवार: मोबाईल नसलेले चार तास

सफारीचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं. आयत्या वेळी फाटकावर उभं राहून काही मिळत नाही, आणि मंगळवारी ताडोबा बंद असतो हे विसरून येणारे लोक मी पाहिले आहेत. ओळखपत्र मूळ लागतं. आणखी एक गोष्ट मला माहीत होती आणि मी मुद्दाम घरी सांगितली नव्हती. सफारीत मोबाईल नेता येत नाही.

पहाटे फाटकावर हे कळलं तेव्हा दिलीपराव जिप्सीत चढता चढता थांबले. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. मागच्या गाड्या खोळंबल्या. त्यांनी गाईडला हळूच विचारलं, "भाऊ, आतमधी कोणाले काही झालं तर?"

"वाघानं का?" गाईड म्हणाला.

"नाई. तसंच. तब्येतीचं."

"गाडी पलटवतो अन् बाहेर आणतो जी. पण आतापर्यंत कोणाले काई झालं नाई. वाघ नाई दिसला का लोकं बाहेर येऊन बिमार पडतेत, तेवढंच."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, म्हणून ते चढले, असं माझं मत आहे. आतमधला सगळा वेळ त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशावर होता. आम्हाला वाघ दिसला नाही. सांबर दिसलं, पाण्यावर उतरलेले मोर दिसले, एका वळणावर रानकुत्री शांतपणे रस्ता ओलांडून गेली. उजाडताना हवेत असा गारवा होता की मार्च महिना आहे हे खरं वाटेना. शेजारच्या सीटवरचे नागपूरचे पाहुणे वाघासाठी हळहळत होते. मी मात्र नवऱ्याकडे बघत होते. परत फाटकाशी आलो, मोबाईल हातात पडला, तेव्हा त्यांनी तो चालू करून पाहिला. कोणाचाच फोन आलेला नव्हता. हे त्यांना थोडं लागलं असावं.

नाश्ता करून निघालो. आता गंमत अशी की मोहर्ली चंद्रपूरच्या एका अंगाला आणि आलापल्ली दुसऱ्या. म्हणजे आलापल्लीला जायचं तर परत चंद्रपुरातून, आमच्या घराच्या वळणावरूनच जावं लागतं. नेमका तिथला सिग्नल लाल मिळाला.

"दुधाची पिशवी दाराबाहेरच असन," दिलीपराव म्हणाले.

"दूध बंद केलंय मी."

"आज नळ येते."

"येऊ द्या."

त्यांनी वळणाकडे बघितलं. मी सिग्नलकडे. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी धीर नव्हता. त्यांनी "वळव" म्हटलं असतं तर मी वळवली असती, आणि मग पुन्हा कधी त्यांना गावाबाहेर काढणं माझ्याने झालं नसतं. ते म्हणाले नाहीत. सिग्नल सुटला आणि मी बल्लारपूरच्या रस्त्याला लागले. त्यांचा पाय रिकाम्या ब्रेकवर दाबलेला होता, तो पार कोठारी येईपर्यंत.

गोंडपिपरीला उसाच्या रसाची गाडी बघून थांबलो. पुढे आष्टीला वैनगंगेचा पूल. पाणी कमी होतं, वाळूत डोंगे उलटे ठेवलेले, पण नदीचं पात्र एवढं रुंद की पुलावर आपोआप गाडी हळू होते. पूल ओलांडून एका चहाच्या टपरीवर थांबलो. आष्टीनंतरचा रस्ता कुठे चांगला, कुठे अगदी वाईट, आणि जड ट्रकांची रांग चुकत नाही. त्यामुळे इथे चहा पिऊन, पाय मोकळे करून निघा. अंधाराच्या आत आलापल्ली गाठा.

दिलीपरावांनी चहावाल्याला विचारलंच, "इथी दवाखाना कुठी आहे, भाऊ?"

"सरकारी आहे ना जी, चौकातून पुढं. काऊन, बाईले बरं नाई का?"

"हाव," दिलीपराव म्हणाले, "प्रवासाचं जरा."

चहावाल्याने मला पंख्याखालची खुर्ची दिली, माझ्या चहात आलं जास्त घातलं आणि पैसे घेताना नवऱ्याला बजावलं, "बाईले सांभाळून न्या. रस्ता लई हादरवते." गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुम्ही बाईंना कुठे नेताय?" ते हसले. बऱ्याच महिन्यांनी मी तो खोकल्यासारखा हसण्याचा आवाज ऐकला. मग मी आजारीच राहिले, आजारी असण्याचे फायदे काही कमी नव्हते.

आलापल्लीत लॉज साधे आहेत. पंखा आणि स्वच्छ चादर मिळाली की झालं, अशी तयारी ठेवा. जेवणात चिंच घातलेली पातळ भाजी मिळते, इथे तेलंगणाचा वारा लागतो. शेजारच्या टेबलावर अर्धं बोलणं तेलगूत, अर्धं मराठीत चाललं होतं आणि बोलणाऱ्या दोघांनाही सगळं कळत होतं. रात्री मोबाईलचा चार्जर लावताना दिलीपराव म्हणाले, "इथून चंद्रपूर किती तास?" मी म्हटलं, "झोपा आता."

रविवार: मोहाखाली

बागेत फिरणाऱ्या माणसाची सवय गावाला जाऊनही सुटत नाही. उजाडायच्या आत दोघंही जागे. "दहा मिनिटं पाय मोकळे करून येऊ," म्हणून निघालो. लॉजपासून थोडं चाललं की घरं संपतात आणि शेतं लागतात, शेतांच्या बांधावर मोहाची झाडं. हवेत तो वास होता. पिकलेलं काहीतरी, गोड, जरा डोक्यात जाणारा. माझ्या चपलेचा बंद निघाला म्हणून मी मागे राहिले.

आता इथे आमच्या बागेची एक गोष्ट सांगावी लागेल. तुमच्या गावच्या बागेतही असतील असे लोक. सकाळी फिरायला येतात आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून फुलं तोडतात. माझा नवरा त्यांतला. कुंपणाची तगर, कण्हेर, रस्त्यावर आलेली जास्वंद. बुद्धमूर्तीपुढे वाहायला फुलं आणतात, म्हणून मी बोलत नाही, पण बागेचा चौकीदार रोज बोलतो. अटॅकनंतरही ती पिशवी पँटच्या खिशात तशीच आहे. आता वाकायचं नको म्हणून फक्त हाताला येतील तेवढीच फुलं.

मी पोचले तर दिलीपराव एका मोठ्या मोहाखाली उभे, चक्क वाकलेले आणि पिशवी अर्धी भरलेली. सणाच्या दिवशी लहान मुलाच्या तोंडावर असतो तसा आनंद. "अगं पाह्य, किती पडली आहेत. कोणी उचलतबी नाई."

मी जमिनीकडे बघितलं. भोवती सगळीकडे वाळलेला पाला होता, पण या झाडाखाली गोल जागा अंगणासारखी स्वच्छ. एक पान नाही, एक काडी नाही. त्यावर पिवळट मोहफुलं.

"अहो, हे कोणी झाडलंय."

"हवेनं झालं असन," ते म्हणाले आणि आणखी चार उचलली.

तेवढ्यात मागून कुत्रं भुंकलं. डोक्यावर टोपली, हातात काठी, अशी एक म्हातारी बाई शेताच्या बांधावरून येत होती. ओरडली नाही. येऊन उभी राहिली, पिशवी बघितली, मग खाली बघितलं.

"जोडे काढा जी पहिले," ती म्हणाली.

दिलीपरावांनी घाईघाईने बूट काढले. मीही चपला काढल्या, जणू देवळात आलो होतो.

"कोणाच्या घरचे तुमी?"

"कोणाच्याच नाई. चंद्रपूरचे."

"मंग चंद्रपूरचा मोह वेचा ना. हा तर मायावाला आहे, आमच्या घरचा."

त्यांचं नाव मैनाबाई. नंतर सगळं कळलं. इथे मोहाची झाडं जंगलातली दिसली तरी घराघरांत वाटलेली असतात. कोणतं झाड कोणाचं, हे सगळ्या गावाला तोंडपाठ. हे झाड मैनाबाईंच्या सासूचं होतं. फुलं पडायच्या आधी ज्याचं झाड त्याने खालची जागा झाडून ठेवायची. "पहिले पाला जाळत होतो, आता फारेस्टवाले नाई म्हणतेत, म्हणून झाडतो." आणि एकदा झाडलं की त्या गोलात दुसरं कोणी पाय ठेवत नाही. रात्रभर फूल गळतं, सकाळी घरचं माणूस येऊन वेचतं. उघड्या माळावर पडलेलं फूल, ना कुंपण ना कुलूप, आणि तरी सगळं जागच्या जागी. बागेत कुंपण, कुलूप, चौकीदार आणि पाटी एवढं असून माझा नवरा पिशवी भरून आणतो.

दिलीपरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पाकीट काढलं.

"पैसे ठेवा खिशात," मैनाबाई म्हणाल्या. "वेचलं थे टोपल्यात टाका. अन् आता आलेच आहा तर वेचू लागा. सून माहेरी गेली, मी एकटीच आहो. ऊन चढलं का फूल सुकते."

आणि त्या कामाला लागल्यासुद्धा. मी म्हणणार होते, यांना वाकता येत नाही, मी करते. पण त्याआधीच दिलीपराव खाली बसले. उकिडवे. घरात टीव्हीचा रिमोट पडला तर मला हाक मारणारा माणूस मोहाखाली उकिडवा बसून एकेक फूल उचलू लागला.

मोह वेचायला कौशल्य लागत नाही, पण सबुरी लागते. फूल मऊ असतं, चिमटीत जोराने धरलं तर रस निघतो आणि बोटं चिकट होतात. एक जागा झाली की बसल्या बसल्याच पुढे सरकायचं. मैनाबाई बोलत होत्या, आम्ही ऐकत होतो. "तुमी अंधारातच आलते का जी? इथी अस्वल येते. मोह त्याले लई आवडते. म्हणून मी उजेड पडूस्तोर निघत नाई." दिलीपरावांनी मान वर करून शेताकडे बघितलं, मग पुन्हा खाली घातली. दवाखान्याची एवढी चौकशी केलेल्या माणसाने अस्वलाची कुठेच केली नव्हती.

दहा मिनिटांचे किती झाले कोणास ठाऊक. ऊन झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरलं. आणि मग मी ते बघितलं. दिलीपराव जरा थांबले, मागे टेकले, पाय पसरले आणि त्यांचा हात सवयीने शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा सपाट होता. मग पँटचे खिसे चाचपले. मोबाईल लॉजवर चार्जिंगला, गोळीही तिथेच, टेबलावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गोळी खोलीवरच राह्यली," ते म्हणाले.

आता एक गोष्ट, जी त्यांना हा ब्लॉग वाचूनच कळेल. पावसाळ्यापासून माझ्या पर्समध्येही त्याच गोळीची एक पुडी असते. कागदात गुंडाळलेली, आतल्या चेनच्या कप्प्यात. भाजी आणायला जाताना, पोस्टात बसताना, सगळीकडे. माझा हात पर्समध्ये गेलाच होता. पुडी बोटांत सापडली होती.

ते क्षणभर तसेच बसले. स्वतःचा श्वास ऐकत असावेत. मग म्हणाले, "एवढी बाजू झाली की जाऊ," आणि पुन्हा पुढे सरकले.

मी पुडी कप्प्यात सोडली. पण चेन लावली नाही.

थोड्या वेळाने ते मैनाबाईंना म्हणाले, "बाई, मले हार्टचा अटॅक आला होता." सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. बागेतल्या मित्रांना त्यांनी आजवर ॲसिडिटी सांगितली आहे. मोहर्लीत माझं बीपी सांगितलं, आष्टीत माझा प्रवास. आणि इथे एका अनोळखी बाईला, तिच्याच झाडाखाली पकडले गेल्यावर, खरं.

मैनाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "कवा?"

"पावसाळ्यात."

"तरी म्हटलं, हा माणूस एकेक फूल पाहून पाहून काऊन उचलून राह्यला." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मंग टोपलं तू उचल, बाई."

आणि मी ते उचललं. बांधापर्यंत, डोक्यावर, दोन्ही हातांनी धरून. चांगलंच जड होतं. मागून दिलीपराव बूट घालून, मोकळ्या हातांनी, मैनाबाईंशी मासे धरायच्या गप्पा मारत येत होते. बांधाशी मैनाबाईंनी आमची पिशवी मागून घेतली आणि ओंजळीने मोह घातला. धुऊन वाळवायचा, मग भाजून तिळाबरोबर कुटायचा, असं सांगितलं. "आता मी देऊन राह्यली. आता चालते," त्या म्हणाल्या.

लॉजवर येऊन मोबाईल घेतला. दिलीपरावांनी तो न बघताच खिशात टाकला. गोळीही घेतली, घ्यायलाच हवी. मी कोणाला औषधं फेकून द्या असं सांगत नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका.

परतायच्या आधी भामरागड रस्त्यावरचं सागाचं राखीव जंगल बघून आलो. आलापल्लीला जाऊन ते न बघणं म्हणजे नागपूरला जाऊन संत्री न खाणं. सागाची पानं गळलेली असतात या दिवसांत, चालताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो. खोडं इतकी सरळ आणि उंच की मान दुखते. आत मोबाईलला रेंज नव्हती. दिलीपरावांनी एका सागाला मिठी मारून बघितली, हात पुरले नाहीत. मग दोघांनी मिळून मारली, तरी थोडी जागा उरली. पाण्याची बाटली आणि टोपी न्या, तिथे दुकान नाही.

येताना आष्टीला त्याच टपरीवर थांबलो. चहावाल्याने ओळखलं. "कशी आहे जी आता बाईची तब्येत?"

दिलीपराव म्हणाले, "बाई एकदम ठीक आहे. बिमार मीच होतो, भाऊ."

चहावाल्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पंख्याखालची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले नाहीत. उभ्यानेच चहा प्यायले, नदीकडे तोंड करून.

सोमवार: बाग

घरी येऊन मोह वाळत घातला आहे, गच्चीवर, जुन्या चादरीवर. खर्च म्हणाल तर पेट्रोल, दोन खोल्या आणि सफारी. सफारीच काय ती महाग, ती वगळली तर कुठल्याही नोकरदाराला जमेल असा शनिवार-रविवार. ताजंतवानं व्हायला फार लांब जावं लागत नाही, हे मला आधीही माहीत होतं. किती लांब जावं लागतं, हे मात्र माणसागणिक वेगळं. आमच्या घरी ते अंतर घराच्या वळणावरचा सिग्नल ओलांडण्याएवढं होतं.

सकाळी नेहमीसारखे बागेत गेलो. तगर फुलली होती. दिलीपरावांनी पिशवी काढली, कुंपणाकडे बघितलं, मग चौकीदाराला जाऊन विचारलं, "भाऊ, खाली पडलेली घेऊ का?" चौकीदार झाडता झाडता थांबला, एवढी वर्षं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. कारंज्याशी आलो. इथून छोटा राउंड डावीकडे वळतो.

"तू बस इथी," ते म्हणाले. "मी मोठा मारून येतो."

"मी येते ना."

"नाई. बस तू. मी एकटाच जातो."

आणि गेले. हेच तर मला हवं होतं. याच्यासाठीच तर मी न विचारता बेत केला, सिग्नलवर गाडी वळवली नाही, टोपलं डोक्यावर घेतलं. मी कारंज्याजवळच्या बाकावर बसले आणि ते तळ्याकडे जाताना बघत राहिले. निळा शर्ट, जरा डावीकडे झुकलेली चाल. मग बांबूचं बेट आलं आणि शर्ट दिसेनासा झाला.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. मला बरं वाटलं नाही. मी उठले, पुन्हा बसले. बांबूच्या पलीकडच्या टोकाकडे बघत राहिले. तिथून एक मुलगी पळत आली, मग दोन आजोबा आले. निळा शर्ट नाही. पर्स मांडीवर होती, चेन उघडी आणि माझी बोटं त्या पुडीवर. पावसाळ्यापासून मी ज्याला हसत होते ते सगळं माझ्याच मांडीवर होतं.

चौकीदार झाडू टेकवून समोर उभा राहिला.

"बाई, बरं नाई वाटून राह्यलं का तुमाले? पाणी आणू का?"

मी काही बोलायच्या आत बांबूच्या कडेने निळा शर्ट दिसला. हातात प्लास्टिकची पिशवी, तळाशी चार पडलेली तगरीची फुलं. घाम आलेला, पण श्वास सरळ. चौकीदार त्यांना म्हणाला, "साहेब, बाईले पाहा जरा."

दिलीपराव माझ्या शेजारी बसले. उघड्या पर्सकडे त्यांनी बघितलं की नाही, मला माहीत नाही. "उद्या तू बी चाल," ते म्हणाले. "एवढं काई दूर नाई."

दुसऱ्या दिवशी मी पर्स घरी ठेवली आणि त्यांच्याबरोबर मोठा राउंड मारला. पुडी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली होती. सध्या एवढंच जमतंय.